गोटा कालव्यातून



आज आम्ही आपल्यापुढे एका बोटीच्या प्रवासाची हकीकत सांगणार आहोत. आमचे शिक्षण सातवीत थांबले. भूगोल शिकलो तो मुंबईच्या गोदीत, बोटींच्या पिछाडीवर रंगवलेली बंदरांची नावे वाचून. त्यांत 'गोटेबोर्ग' हे एक नाव होते. ते स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. 2018 सालच्या जुलै महिन्यात तेथून निघून नद्या, सरोवरे आणि कालवा यांतून आम्ही देशाच्या पूर्व किनाऱ्याला, बाल्टिक समुद्राला लागलो. आम्ही म्हणजे गोदी कामगारांत काम करणारे दोघे सहकारी आणि बोटीचे मालक.

मोटार-यॉट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे धनिकाची पांढरी नौका आणि वर गालिचा उभा राहतो. ही बोट दहा मीटर लांब, लाकडी, जुनी, आणि मालक एक निवृत्त फिटर. दोन कुटुंबांनी मिळून ती जुन्या बाजारात घेतलेली. हे गृहस्थ पूर्वी एका परिषदेसाठी मुंबईस आले होते, तेव्हा आम्ही त्यांना गोदी दाखवली होती. त्याची परतफेड त्यांनी अशी केली. जेवण आमच्याकडे होते. डाळ-भात खाऊन स्वीडनचा फिटर तिसऱ्या दिवशी लोणचे मागू लागला, ही आमच्या परराष्ट्रीय कार्यातली एकमेव नोंद करण्यासारखी कामगिरी.

आता वाट कशी आहे ते सांगतो. गोटेबोर्गहून गोटा नदीने वर जावयाचे. वाटेत ट्रोलहेटान येथे धबधबा आहे, तो टाळण्यासाठी 1800 सालीच जलपाश बांधून वाट काढली. आज मोठ्या बोटी जातात ते जलपाश 1916 चे; शेजारी जुने दोन संच तसेच राखलेले आहेत. धबधब्याचे पाणी वीजघराकडे वळवले आहे. उन्हाळ्यात ठरावीक वेळी ते सोडतात आणि माणसे ते पाहावयास गर्दी करतात. नदी संपली की व्हेनर्न सरोवर. त्याचे क्षेत्रफळ 5,650 चौरस किलोमीटर. आपल्या बृहन्मुंबईसारखी नऊ शहरे त्यात मावतील. ते ओलांडावयास आम्हांला सारा दिवस लागला. मधे मधे किनारा दिसेना, लाटा चांगल्या हातभर उठल्या, आणि गोदीत जन्म घालवलेल्या आम्हां दोघांपैकी एकाला बोट लागली. कोणाला, ते सांगत नाही.

पलीकडच्या काठावर श्योटोर्प हे लहानसे गाव. तेथे खरा गोटा कालवा सुरू होतो. तेथून बाल्टिकच्या मुखाशी असलेल्या मेमपर्यंत 190 किलोमीटर. त्यांपैकी 87 किलोमीटर माणसांनी खणलेले, बाकीची वाट सरोवरांतून. जलपाश 58. व्हेनर्न समुद्रसपाटीपासून 44 मीटर उंच. तेथून वर चढत चढत सुमारे 92 मीटरपर्यंत जावयाचे आणि मग पायरी-पायरीने समुद्रापर्यंत उतरावयाचे.

जलपाश म्हणजे काय, हे गोदीच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. मुंबईच्या इंदिरा गोदीच्या तोंडाशी साडेसातशे फूट लांबीचा जलपाश आहे. 1914 साली ही गोदी सुरू झाली तेव्हा तिचे नाव अलेक्झांड्रा होते. बाहेर समुद्राला भरती असो की ओहोटी, आतले पाणी राखले जाते ते त्या दारांनी. कालव्यात भरती-ओहोटीच्या जागी चढ-उतार असतो, एवढाच फरक. दगडी हौद, त्याला दोन्ही टोकांस दुपाखी दारे. बोट खालच्या दाराने आत येते, दार मागे लागते, वरच्या दाराच्या झडपा उघडून पाणी आत घेतात. हौद भरतो, बोट आपोआप वर येते, वरचे दार उघडते. उचलण्याला यंत्र लागत नाही. पाणी उतारावरून खाली येते आणि येताना बोटीला वर उचलते. दाराची दोन पाखे वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, त्यामुळे वरून जितका रेटा अधिक तितकी ती घट्ट बसतात. असली योजना पाहिली की आमच्यासारख्या न शिकलेल्या माणसाचाही माथा नमतो.

चढताना मात्र काम असते. हौदाची भिंत बोटीच्या कितीतरी वर, म्हणून एकाने आधीच काठावर उडी मारून दोर घेऊन चालत जावयाचे. एक दोर नाळेचा, एक पिछाडीचा, आणि काठावरच्या कड्यांतून ओवून खालच्याने ते सतत ओढीत राहावयाचे. पाणी उसळते, बोट भिंतीकडे झेपावते, बाजूचे रबरी फुगे कुरकुरतात. उतरताना ताकद लागत नाही, पण दोर बांधून टाकावयाचा नाही, सैल सोडीत राहावयाचे. बांधला तर पाणी खाली जाते आणि बोट दोराला लोंबकळते. पहिल्या दिवशी एकामागून एक आठ जलपाश झाले, तेव्हा आमच्या तळहातांना पुन्हा तरुणपणच्या हमालीची आठवण झाली.

तोटोर्प आणि बोरेन्सबेर्य येथे दोन जलपाश अजून हातांनी चालवतात. बाकीच्यांना बटणे आली. तोटोर्पला एक विद्यार्थिनी उन्हाळ्याच्या सुटीतले काम म्हणून उभी होती. तिने अंगभाराने दार रेटले, आम्हीही उतरून हात लावला. दार हलावयास वेळ लागतो, एकदा हलले की सावकाश, न थांबता जाते. तेथे उभे असताना यजमानांना विचारले की, हे सगळे खणले कोणी?

1809 साली स्वीडनने रशियाशी लढून फिनलंड गमावला. देश खचला होता. सामुद्रधुनीत डेन्मार्क प्रत्येक जहाजाकडून जकात घेई. ती 1857 पर्यंत चालू राहिली. तो मार्ग टाळून देशाच्या पोटातूनच वाट काढावी, असे बाल्टझार फोन प्लाटेन या दर्यासारंगाने मनावर घेतले. मार्ग आखून देण्यास 1808 सालीच स्कॉटलंडचा प्रख्यात इंजिनिअर टॉमस टेलफर्ड येऊन गेला होता. 1810 साली काम निघाले. दहा वर्षांचा अंदाज होता, बावीस लागली; पैसाही अंदाजाच्या कितीतरी पट गेला. सार्वजनिक कामांचे अंदाज चुकण्याची रीत केवळ आपल्याकडचीच नाही, हे ऐकून सभेला थोडा दिलासा मिळावा.

खणणारे होते मुख्यतः सैनिक. सुमारे 58 हजार सैनिकांनी पाळीपाळीने काम केले. हत्यार म्हणजे लोखंडी पत्र्याची धार बसवलेले लाकडी फावडे. दिवस बारा तासांचा, आणि असे सुमारे सत्तर लाख मनुष्यदिवस या कालव्यात गेले. आम्ही बोटीत बसून गुणाकार केला: आठ कोटी चाळीस लाख तास. त्या काळच्या स्वीडनमध्ये काही शेतकरी मिळून एक सैनिक पोसत; त्याला खोपटे आणि जमिनीचा तुकडा देत, आणि शांततेच्या दिवसांत तो त्यावर शेती करी. उन्हाळा हाच तिकडचा शेतीचा हंगाम, आणि खणण्याचाही तोच. शिपाई कालव्यावर असताना त्याच्या तुकड्यावरची कापणी कोणी केली असेल, हे या सभेतल्या भगिनींना सांगावयास नको. त्याला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. शिपायाला हुकूम असतो.

तोटोर्पच्या पुढे व्हिकेन हे सर्वांत उंचावरचे सरोवर. काळे, शांत पाणी, देवदाराची राने, मधे चिंचोळ्या वाटा. मग फोर्सविक येथे 1813 सालचा, कालव्यातला सर्वांत जुना जलपाश आणि त्याच सुमाराचा बिडाचा पूल. पुढे व्हेटर्न सरोवराच्या काठी कार्ल्सबोर्गचा प्रचंड किल्ला; 1819 मध्ये सुरू केला, 1909 मध्ये पुरा झाला, तोवर तोफा इतक्या पुढे गेल्या होत्या की किल्ल्याचा उपयोग संपला होता. त्याविषयी अधिक बोलत नाही.

व्हेटर्नच्या पलीकडे मूटाला. येथे कालव्याच्या काठीच फोन प्लाटेनची समाधी आहे. तो 1829 च्या डिसेंबरात वारला; कालवा त्याने पुरा झालेला पाहिला नाही. समाधीला आम्ही नमस्कार केला. माणूस मोठा होता आणि जिद्दीचा होता. पण 58 हजारांपैकी एकाचेही नाव आम्हांला कालव्याच्या काठावर वाचावयास मिळाले नाही. यजमान म्हणाले, "त्यांची आठवण दाखवतो," आणि आम्हांला कारखान्याकडे घेऊन गेले.

कालव्यासाठी लागणारे लोखंडी काम, दुरुस्ती, गाळ काढण्याची यंत्रे यांसाठी 1822 साली मूटाला येथे कारखाना काढला. सुरुवातीस ब्रिटनमधून कारागीर आणि यंत्रे आणली. त्यांच्या हाताखाली येथली माणसे शिकली. पुढे त्याच कारखान्यातून आगबोटी, पूल, रेल्वे-इंजिने बाहेर पडली, आणि स्वीडनच्या यंत्रोद्योगाचा पाळणा असे त्याला म्हणू लागले. यजमानांनी उमेदवारी मूटालातच केली. ते म्हणाले, "कालवा तोट्यात गेला असे शाळेत शिकवतात. खणणाऱ्यांच्या पाठीमागून फिटर तयार झाले, हे कोणत्या वहीत मांडायचे?" आम्हांला हा हिशेब पटतो, पण तो फिटरांच्या बाजूचा हिशेब आहे. खणणाऱ्याला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न तेथेही उभाच राहतो.

तोटा झाला हे खरे. 1832 मध्ये कालवा खुला झाला आणि 1862 मध्ये स्टॉकहोम-गोटेबोर्ग रेल्वे पुरी झाली. तीस वर्षांत माल रुळांवर गेला. गोदीच्या माणसाला ही गोष्ट काळजाला लागते. 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, पेट्यांतला माल तिकडे वळला, आणि ज्या धक्क्यांवर आम्ही पाळ्या मोजल्या तेथे काम कमी कमी होत गेलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मग हा कालवा बुजला का नाही? येथे आमच्या यजमानांचा दुसरा हिशेब येतो, आणि तोच सांगण्यासाठी आम्ही आज हा विषय घेतला. 1938 साली स्वीडनने कायदा केला की, कामगाराला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा मिळाली पाहिजे. 1951 मध्ये तीन आठवडे झाले, 1963 मध्ये चार, 1978 मध्ये पाच. रजा आली तसा कामगार सायकलवर, तंबूत, आणि पुढे लहानशा बोटीत दिसू लागला. ज्या काठावरून बैल आणि घोडे बोटी ओढीत, तेथे आता कुटुंबे सायकली चालवतात. मालाच्या बोटी गेल्या, रजेवरची माणसे आली. ज्या पाण्यासाठी शिपायाचा उन्हाळा हुकमाने घेतला, त्याच पाण्यावर फिटर आपला उन्हाळा हक्काने घालवतो.

आमच्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा ठरवली, पण वर्षात 240 दिवस भरल्यावर. ती अट भरण्याआधीच माणसाला कमी करून पुन्हा नवा म्हणून घ्यावयाचे, ही युक्ती ठेकेदारांनी किती सफाईने वापरली हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. आमच्या एका सभासदाने एकवीस वर्षे एकाच फाटकातून आत जाऊन काम केले, कागदावर त्याची सलग नोकरी एक वर्षाचीही नव्हती. यजमानांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी इंजिन मंद केले आणि ती पुन्हा सांगावयास लावली. त्यांना वाटले, इंग्रजी समजण्यात आपली चूक झाली.

बेर्य येथे एकाखाली एक सात जलपाशांचा जिना आहे. वरून पाहिले की खाली रोक्सेन सरोवर पसरलेले दिसते, आणि आपली बोट आता टेकडी उतरणार आहे यावर विश्वास बसत नाही. काठावर गवतात बसून माणसे आइस्क्रीम खात आमची उतराई पाहत होती. दोर सैल सोडण्याचे शिक्षण येथे पुरते कामी आले.

त्यानंतर स्योडरश्योपिंग आणि शेवटी मेम. 26 सप्टेंबर 1832 रोजी राजा चौदावा कार्ल योहान याच्या उपस्थितीत येथेच कालवा खुला झाला. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, पण ऊन दुपारसारखे होते. अठ्ठावन्नावा हौद हळूहळू रिकामा झाला, ओल्या दगडांवरचे शेवाळ डोक्याच्या वर गेले. दार उघडले. आमच्या सहकाऱ्याने वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि म्हणाला, "खारट आहे, पण आपल्याइतके नाही."