शब्दाशी प्रामाणिक राहिलेला स्वर

(कळसाडी, जि. नंदुरबार येथील श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नाट्यगृहे आणि मैफली शहरांत असतात. गावाच्या वाट्याला येतो तो स्वर रेडिओतून आणि ध्वनिमुद्रिकांतून. अशा दूरच्या श्रोत्याला गायकाचा चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ शब्द आणि सूर. ही जबाबदारी ज्यांनी आयुष्यभर व्रतासारखी सांभाळली, ते सुधीर फडके, म्हणजेच महाराष्ट्राचे बाबूजी.

२५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव राम. वामनराव पाध्ये यांच्याकडे गाण्याचे शिक्षण झाले. घरची परिस्थिती खालावल्यावर पोटासाठी वणवण आली आणि उत्तर भारतात भटकत अनेक गावे पालथी घालावी लागली. एचएमव्हीत उमेदवारी केल्यानंतर 'प्रभात'च्या 'गोकुळ' (१९४६) या चित्रपटाचे संगीत त्यांनी केले. पुढे 'लाखाची गोष्ट', 'ऊन पाऊस', 'जगाच्या पाठीवर' या चित्रपटांतून राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि फडके या त्रयीने मराठी बोलपटाला घराघरात नेले. 'भाभी की चूडियाँ' (१९६१) या हिंदी चित्रपटात लताबाईंनी गायिलेली त्यांची प्रभातसमयीची रचना आजही भारतभर ऐकली जाते.

मात्र त्यांच्या कारकिर्दीचा कळस आकाशवाणीवर झाला. पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झाले. वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत! मुळात ५२ गीतांचा संकल्प. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती ५६ झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके असे अनेक कंठ त्यात गुंफले गेले. कवीचा कागद हाती येताच चाल बांधायची, गायकांकडून बसवून घ्यायची आणि ठरल्या वेळी प्रक्षेपित करायची, हे काम खडतर होते. तरीही प्रत्येक प्रसंगाला त्याचा राग मिळाला. प्रारंभीच्या गीताला भूप, तर वनात आलेल्या भरताचे सांत्वन करणाऱ्या रामाला यमनकल्याण. अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले, तेव्हाही मूळ चालीच कायम राहिल्या. शब्दाचा अर्थ सुराने झाकायचा नाही, उजळायचा, या शिस्तीचेच हे यश होय.

स्वतःच्या सुखापुरते गाणे मात्र त्यांनी मानले नाही. गीतरामायणाच्या आदल्याच वर्षी, १९५४ साली, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात ते प्रत्यक्ष उतरले होते. त्या लढ्याला निधी मिळावा म्हणून पुण्यात लताबाईंचा कार्यक्रम झाला आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगालच्या तुरुंगात खितपत पडलेल्या मोहन रानडे यांच्या सुटकेसाठी त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले. १९६९ साली रानडे सुटले. उतारवयात स्वातंत्र्यवीर सावरकरांवरील चित्रपटासाठी त्यांनी समाजापुढे झोळी पसरली. अनेक वर्षांच्या अडचणींतून वाट काढून तो चित्रपट २००१ साली पडद्यावर आला. पुढच्याच वर्षी, २९ जुलै २००२ रोजी, बाबूजींनी देह ठेवला.

कीर्ती, पैसा आणि प्रकृती ही तिन्ही पणाला लावून त्यांनी हाती घेतलेले काम तडीस नेले. आज गाणे मोबाइलवर क्षणात मिळते, पण शब्द पुष्कळदा वाद्यांच्या गोंगाटात हरवतो. गावातील मुलांना गाणे शिकवताना पहिला धडा बाबूजींचाच द्यावा: आधी शब्द समजून घ्या, शुद्ध उच्चारा, मग सूर लावा. घरातील आजीला आणि नातवाला एकाच वेळी ज्याचा अर्थ कळतो, ते गाणे टिकते.