जुने ग्राफिक्स कार्ड की नवे?

म्हैसूरची इंजिनिअरिंगची मुले कॉम्प्युटर जुळवायला निघाली, की बंगळुरूच्या एस. पी. रोडची वाट धरतात. तिथे नेहमीचा पेच पडतो: काल-परवाचे तगडे ग्राफिक्स कार्ड घ्यावे, की आजचे साधे?

उदाहरण घेऊ. २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय म्हणजे त्या काळचा पहिलवान. मेमरी ११ जीबी, विजेची भूक २५० वॉट. २०२३ चे आरटीएक्स ४०६० मधल्या फळीतले. मेमरी अवघी ८ जीबी, वीज ११५ वॉट. तरी बहुतेक खेळांत दोघे जवळपास बरोबरीत धावतात. रोज चार तास पूर्ण ताकदीने चालवले, तर महिन्याला सोळा युनिटांचा फरक पडतो. तो चामुंडेश्वरी वीज निगमच्या बिलात दिसणारच.

म्हणून जुने टाकाऊ का? मुळीच नाही. थ्रीडी रेंडरिंगची फाइल ८ जीबीत मावली नाही, तर नव्याचा वेग काय कामाचा? उलट, प्रकाशाचे परावर्तन हुबेहूब दाखवणारे रे-ट्रेसिंग जुन्याला पेलत नाही. त्यासाठीचे खास कोअर त्यात नाहीतच. मॉडेलच्या आकड्यावर आणि खोक्यावरच्या रंगीत चित्रावर तर माझा काडीचा विश्वास नाही.

जुने घेणार असाल, तर दुकानातच अर्धा तास भार देऊन चालवून बघा. पंखा घरघरला किंवा पडद्यावर ठिपके उमटले, तर पैसे खिशातच ठेवा.