दुखण्यातले जनावर आणि घरातली माणसे

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जनावरांच्या डॉक्टरला शाळेच्या व्यासपीठावर सहसा कोणी बोलावीत नाही. आपण बोलावले, याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. आपल्या मोहल्ल्यात घरोघर एखादी उस्मानाबादी शेळी असते, चार कोंबड्या असतात, माडीवर कबुतरांची ढाबळ असते आणि कोणाच्याच मालकीची नसलेली पण सर्वांच्या चुलीपाशी बसणारी एक मांजर असते. यांपैकी कोणाला काही झाले, की पहिल्या दिवशी सारी गल्ली जमते. कोणी हळद आणतो, कोणी तेल आणतो, सल्ला तर प्रत्येकजण आणतो. दहाव्या दिवशी मात्र त्या जनावरापाशी कोणी नसते. मला आज या दहाव्या दिवसाविषयी बोलावयाचे आहे.

पाथरी तालुक्यात नोकरीस असतानाची गोष्ट. पाचवीत शिकणारा एक मुलगा आजोबांबरोबर एक काळा बोकड घेऊन दवाखान्यात आला. बोकड बकरी ईदसाठी वाढविलेला. तो जीपखाली सापडून पुढच्या पायाचे नळीचे हाड मोडले होते. गावातील एका जाणत्याने बांबूच्या कामट्या लावून पाय सुतळीने करकचून बांधला होता. उद्देश चांगला होता. पण तिसऱ्या दिवशी मी पाहिले, तेव्हा खुराजवळचा भाग सुजून थंडगार पडला होता. आणखी एक दिवस गेला असता, तर पायच सडला असता. हाड मोडल्यावर खालचा आणि वरचा, असे दोन्ही सांधे स्थिर करावे लागतात, कामटीखाली कापूस द्यावा लागतो आणि खुराची टोके उघडी ठेवून ती ऊबदार आहेत ना, वास येत नाही ना, हे रोज पाहावे लागते. बांधणे एकदाच असते, पाहणे मात्र रोजचे. १९७२ साली परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याला ही मोठी सोय झाली आहे. तेथे फोटो काढून प्लास्टर घालण्यासाठी मी त्यांना पाठविले.

निघताना आजोबांनी मला बाजूला घेतले. "डॉक्टरसाब, ईद को बीस दिन है. लंगडा जानवर तो चलता नहीं. खाटिक आधी कीमत दे रहा है. क्या करूं?" त्यांचे म्हणणे खरे होते. उघड लंगडे, उघड आजारी जनावर कुर्बानीस चालत नाही, हे आपण सर्व जाणतो. शेळीचे मोठे हाड जुळावयास सहा ते आठ आठवडे लागतात, करडाचे तीन-चार आठवड्यांत जुळते. बोकड ईदपर्यंत बरा होणे शक्य नव्हते. मी तसे स्पष्ट सांगितले आणि ठरविणे त्यांच्यावर सोडले. ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग त्यांनी बोकड परत घरी नेला. त्या वर्षी त्यांनी कुर्बानीची सोय उसनवारी करून केली, असे मला नंतर समजले.

पुढचे दीड-दोन महिने त्या मुलाने जे केले, ते सांगण्यासारखे आहे. मी त्याला एक वही घालावयास सांगितली होती. बोकड एकाच कुशीवर पडून राहिला, तर पोट फुगते आणि हाडाच्या टोकांवर घट्टे पडून जखमा होतात. म्हणून शाळेपूर्वी, मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळी त्याला छातीवर बसते करून दोन्ही बाजूंना पेंढ्याची उशी द्यावयाची. खालची माती रोज बदलावयाची. लघवी किती वेळा, रवंथ करतो की नाही, लेंडी कशी, हे लिहावयाचे. त्याच्या दादीने मायेपोटी एका निकाहातला उरलेला भात बोकडापुढे ठेवला होता. पोराने तो काढून घेतला आणि दादीच्या शिव्या खाल्ल्या! पण पोराचे बरोबर होते. एकदम पुष्कळ भात, गहू किंवा ज्वारी खाल्ल्याने शेळीच्या पोटात आंबण होते आणि धडधाकट जनावरसुद्धा त्याने मरते. आजाऱ्याला खुराक द्यावा, ही आपली समजूत शेळीच्या बाबतीत घातक आहे. तिला शेवरीचा, सुबाभळीचा पाला, वाळला चारा आणि स्वच्छ पाणी पुरे.

प्लास्टर निघाले. पाय किंचित आखूड राहिला, पण बोकड कळपाबरोबर चालू लागला. पुढच्या वर्षी मौलाना साहेबांनी त्याला चालताना पाहून हरकत नाही म्हणून सांगितले. तेव्हा तो मुलगा एकटाच माझ्याकडे आला. "कापायचाच होता, तर मग बरा कशाला केला?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "त्याला दुखत होते म्हणून." याहून चांगले उत्तर मला तेव्हा सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

दीनी बाबतीत बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या बाईने मांजरीला मारल्याचे त्यात कोठे येत नाही. तिने खाऊ घातले नाही आणि सोडलेही नाही, एवढेच येते.

आता गोळ्यांविषयी. घरात तापाची गोळी असते, ती मांजरीला दिली जाते. पॅरासिटामॉल हे मांजरीला विष आहे. तिचे यकृत ते पचवू शकत नाही, हिरड्या काळपट पडतात आणि एका गोळीने ती दगावू शकते. माणसाचे औषध जनावराला चालतेच असे नाही. गुरांना डायक्लोफेनॅक देत, त्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मेली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आपल्या भागात आकाशात गिधाडांचे थवे दिसत, ते आमच्या पिढीने पाहिले आहेत.

कबुतरांचे शौकीन येथे बसले असतील. कबुतराची मान पिळवटते, दाणा टिपताना चोच भलतीकडे पडते. मग "गेले आता" म्हणून मान मुरगळून टाकतात. ते पाखरू बहुधा रोगाने नव्हे, उपासाने मरते. त्याला वेगळे ठेवून भिजवलेले हरभरे हाताने भरविले आणि खोल भांड्यात पाणी दिले, तर कित्येक पाखरे काही आठवड्यांत सावरतात. काहींची मान दचकल्यावर वाकडी होते ती होतेच, पण जगतात.

काही दुखणी मात्र बरी होत नाहीत. एका निवृत्त गुरुजींच्या घरी तेरा वर्षांची मांजर होती. ती घटाघटा पाणी पिऊ लागली, लघवी वाढली आणि अंग झडले. मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. म्हाताऱ्या मांजरींत हे नेहमी आढळते. यावर औषध नाही, पण दिवस सुखाचे करता येतात. घरात तीन ठिकाणी पसरट भांड्यांत पाणी, पातळ अन्न आणि जरूर पडेल तेव्हा कातडीखाली सलाईन. ते देण्यास गुरुजींच्या सूनबाई शिकल्या. प्रथम त्यांचा हात कापत असे. दर जुम्याला शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर मांजरीचे वजन होई आणि गुरुजी ते कॅलेंडरवर लिहीत. दीड वर्ष ती अशी काढली. शेवटी तिने खाणे सोडले आणि ती कपाटामागे जाऊन बसू लागली, तेव्हा सूनबाईंनीच सुई बंद करावी का, म्हणून विचारले. मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती गेली. कॅलेंडर गुरुजींनी मला दाखविले. शेवटच्या दोन जुम्यांच्या चौकटी कोऱ्या होत्या.

आपल्या घरचे जनावर आजारी पडले, तर १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाची मदत मागता येते. डॉक्टर येईल तेव्हा केव्हापासून खात नाही, पाणी किती पिते, कालपर्यंत काय काय दिले, हे त्याला सांगावे लागते. दवाखान्यात बहुतेक मालकांना हे सांगता येत नाही. बरोबर आलेल्या पोराला मात्र ठाऊक असते. म्हणून पालकांनी दवाखान्यात येताना पोराला बरोबर आणावे आणि त्याला बोलू द्यावे.