राजावांचून राजहत्या

परक्या भाषेंतलें नाटक आपलेंसें करून घेणें ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. आगरकरांनीं १८८३ मध्यें ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें. देवलांनीं १८९० मध्यें ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ रचलें. आणि शिरवाडकरांचें ‘मॅक्बेथ’वर आधारलेलें ‘राजमुकुट’ १९५४ मध्यें रंगभूमीवर आलें. अशा प्रत्येक रूपांतरकारापुढें एक प्रश्न उभा असतो. नांवें बदलतां येतात, पोशाख बदलतां येतो, स्थळ-काळही हलवितां येतो. परंतु मूळ नाटकांत जें पाप म्हणून दाखविलें आहे, तें नव्या समाजालाही तितकेंच भयंकर वाटलें पाहिजे. तसें वाटलें नाहीं, तर शोकांतिका नाहींशी होऊन केवळ एका खुनाची हकीकत शिल्लक राहते. विशाल भारद्वाज यांनीं दिग्दर्शित केलेला आणि २००४ सालच्या आरंभीं प्रदर्शित झालेला ‘मकबूल’ हा हिंदी चित्रपट या दृष्टीनें विचार करण्यासारखा आहे. कथा ‘मॅक्बेथ’ची, स्थळ मुंबई, आणि पात्रें सारीं गुन्हेगारांच्या टोळ्यांतलीं.

‘मॅक्बेथ’ हें नाटक सुमारें १६०६ मधलें. स्कॉटलंडचा राजा जेम्स १६०३ मध्यें इंग्लंडच्या गादीवर आला होता, आणि १६०५ मध्यें त्याला पार्लमेंटसह दारूनें उडवून देण्याचा कट उघडकीस आला होता. त्या काळच्या प्रेक्षकाला राजहत्या म्हणजे ईश्वरानें घालून दिलेल्या व्यवस्थेवरच घाव वाटे. म्हणूनच डंकनच्या खुनानंतर दिवसा अंधार पडतो आणि राजाचे घोडे एकमेकांना खातात. खून करण्यापूर्वीं मॅक्बेथ स्वतःच्या मनाला तीन बंधनें आठवून देतो: डंकन आपला आप्त आहे, आपला राजा आहे, आणि आज रात्रीं आपल्या घरचा पाहुणा आहे. तीनही बंधनें तो जाणतो, आणि जाणूनच तोडतो. त्याच्या शोकांतिकेचें मूळ या जाणण्यांत आहे.

आतां हीच कथा मुंबईच्या गुन्हेगारी जगांत नेली तर काय होईल? तेथें राजा कोण? टोळीचा नायक अनेकांच्या रक्तावरून चालत त्या जागीं पोंचलेला असतो. त्याच्या मस्तकावर कोणी अभिषेक केलेला नसतो. अशा माणसाला दुसऱ्या गुन्हेगारानें मारलें, तर सूर्य कशासाठीं झांकोळावा? सभ्य गृहस्थ दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत ती बातमी वाचील आणि पान उलटील. रूपांतरांतील खरी अडचण ही होती.

भारद्वाज आणि त्यांचे सहलेखक अब्बास टायरवाला यांनीं या अडचणीचें उत्तर एका संबोधनांत शोधलें आहे. टोळीनायकाचें नांव जहांगीर खान, म्हणजे बादशहाचें. परंतु सारे त्याला ‘अब्बाजी’ म्हणतात. मकबूल हा त्याचा केवळ उजवा हात नाहीं, पुत्राच्या जागीं आहे. त्यामुळें मूळ नाटकांतील तीन बंधनांपैकीं राजाचें बंधन गळून पडलें, तरी आप्ताचें बंधन दुणावलें. राजहत्येची पितृहत्या झाली, आणि पितृहत्येचें भय समजण्यास कोणत्याही समाजाला राजा असावा लागत नाहीं. पंकज कपूर यांनीं हा अब्बाजी जड देहाचा, घोगऱ्या आवाजाचा, मितभाषी वृद्ध म्हणून उभा केला आहे. तो क्रूर आहे हें प्रेक्षकाला ठाऊक असतें. तरी त्याच्या बिछान्याजवळ मकबूल येतो तेव्हां प्रेक्षकाचा जीव त्या वृद्धासाठीं कासावीस होतो. या भूमिकेला सहाय्यक अभिनेत्याचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, तें यथार्थ होतें.

दुसरा मोठा बदल स्त्रीपात्रांत आहे. लेडी मॅक्बेथ ही धर्मपत्नी. तिला नवऱ्यासाठीं मुकुट हवा असतो. तब्बू यांनीं रंगविलेली निम्मी ही अब्बाजीनें ठेवलेली स्त्री. तिचें मन मकबूलवर जडलें आहे, आणि वृद्धाची नजर आतां दुसऱ्या एका नटीकडे वळूं लागली आहे. तिला राज्यापेक्षां सुटका अधिक हवी आहे. मकबूलला मात्र दुसरा कांटा सलत असतो: अब्बाजीच्या मुलीचें, समीराचें, लग्न काकाच्या मुलाशीं, गुड्डूशीं, व्हावयाचें आहे. तें झालें कीं जांवईच वारस होणार, आणि मकबूलला त्या पोराच्या आज्ञेंत राहावें लागणार. एकाची अपमानाची भीति आणि दुसरीची कोंडमाऱ्याची वेदना, या दोहोंतून त्या विवाहोत्सवाच्या धामधुमींत खून घडतो. निम्मीविषयीं करुणा वाटते. पण चित्रपट करुणेला क्षमेची जागा देत नाहीं. लेडी मॅक्बेथला झोपेंत स्वतःच्या हातांवर डाग दिसत. निम्मीला ते घराच्या भिंतींवर आणि फरशीवर दिसूं लागतात. ज्या पापानें घर मोडलें, त्याचा डाग घरालाच लागावा, यांत मूळ कल्पनेचा धागा अखंड राहिला आहे. शिवाय ती गरोदर आहे, आणि मूल मेलेल्याचें कीं मारणाऱ्याचें, हा संशय मकबूलला पोखरीत राहतो.

तिसरा बदल सर्वांत अधिक चर्चिला गेला. तीन चेटकिणींच्या जागीं येथें दोन पोलीस अधिकारी आहेत, पंडित आणि पुरोहित. भूमिका ओम पुरी आणि नसीरुद्दीन शहा यांच्या. पावसाळी रात्रीं गाडीच्या कांचेवर बोटानें मुंबईची कुंडली मांडली जाते आणि तिच्यावर रक्त उडतें. तेथूनच चित्रपटाला आरंभ होतो. पत्रिका, ग्रह, दशा यांची सवय भारतीय घराला आहे. म्हणून हें भविष्य ऐकतांना परकेपणा वाटत नाहीं. कोणी म्हणेल कीं, पोलिसांना चेटकीण केल्यानें दैवाचें गूढ ओसरलें. हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु त्यांतून दुसरें अधिक अस्वस्थ करणारें सत्य पुढें येतें. कायद्याचे राखणदारच तराजू हातीं घेऊन बसले आहेत. एक टोळी फार वाढूं नये व दुसरी पार बुडूं नये, इतकीच त्यांची नीति. ते भविष्य सांगतात आणि तें घडावें म्हणून हातही लावतात. तथापि मकबूलची सुटका त्यामुळें होत नाहीं. पत्रिकेनें गादी दाखविली. बिछान्यापर्यंत तो स्वतःच्या पायांनीं चालत गेला.

शेवट पाहिला म्हणजे रूपांतराचा सारा हेतु स्पष्ट होतो. मूळ नाटकांत अरण्य चालून येतें, मॅक्बेथ पडतो, आणि कायदेशीर वारस माल्कम गादीवर बसतो. मुंबईंत अरण्याच्या जागीं समुद्र आहे. समुद्र घरीं येईल तेव्हांच नाश, असें मकबूलला सांगितलेलें असतें. आणि सागरी जकातीचे अधिकारी दारांत उभे राहतात तेव्हां समुद्र घरीं आलेला असतो. परंतु येथें गादीला न्याय्य वारस मुळीं नाहींच. मग कोणती व्यवस्था पूर्ववत् व्हावी? निम्मी मरते, तिचें तान्हें मूल इस्पितळांत असतें. मकबूल शस्त्र घेऊन तें न्यावयास जातो. तेथें त्याला दिसतें कीं, ज्याच्या बापाला त्यानें मारविलें तो गुड्डू, आणि जिच्या बापाला त्यानें मारलें ती समीरा, हीं दोघें तें मूल ममतेनें उचलून घेत आहेत. सूड घेण्याचा सर्वांत मोठा अधिकार ज्यांचा, त्यांनींच तो सोडून दिला. मकबूल हातांतील शस्त्र टाकतो, मुकाट्यानें बाहेर पडतो, आणि इस्पितळाबाहेर एका वैऱ्याच्या गोळीनें कोसळतो.

गादी रिकामीच राहते. उद्यां तिच्यावर दुसरा कोणी बसेल, आणि पंडित-पुरोहित त्याचीही कुंडली मांडतील. परंतु बापाच्या खुनानें मोडलेलें घर एका अनाथ मुलाच्या निमित्तानें पुन्हां उभें राहतें. भारद्वाज यांनीं पुढें २००६ मध्यें ‘ऑथेल्लो’वरून ‘ओंकारा’ आणि २०१४ मध्यें ‘हॅम्लेट’वरून ‘हैदर’ काढला. त्या दोहोंची योग्यता मोठी आहे. तथापि परक्या शोकांतिकेंतील पाप आपल्या भूमींत नेमकें कोठें रुजतें, याचा शोध कसा घ्यावा, हें पाहावयाचें असेल त्यानें प्रथम ‘मकबूल’ पाहावा.