तीन अक्षरांचं सांडोर



 आमच्या सांडोर गावात येताना आपण केळीच्या वाड्या आणि बावखलं, म्हणजे इथली तळी, पाहिली असतील. याच वाड्यांतली मुलंमुली आज सकाळची लोकल पकडून अंधेरीला कोड लिहायला जातात. म्हणूनच जावास्क्रिप्ट या संगणकभाषेवरची ही परिषद इथे व्हावी, असा आमचा आग्रह होता.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्टचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं. आज बँकेचे व्यवहार आणि दवाखान्याच्या नोंदी तिच्या भरवशावर चालतात. ती मराठीशी कशी वागते, हे मात्र आपल्यालाच पाहावं लागतं. ‘सांडोर’ ही आपल्या लेखी तीन अक्षरं. जावास्क्रिप्ट लांबी सहा सांगते, कारण काना, अनुस्वार आणि ओकार ती वेगळे मोजते. चारवर कापलं तर पडद्यावर उरतं ‘सांड’. गावाच्या नावाचं असं व्हावं, हे मला सहन होत नाही.

आमच्या एका कामात भाजी विकणाऱ्या एका ताईंनी रक्कम देवनागरीत भरली: १२५०. बेरजेच्या जागी ‘नॅन’ उमटलं, म्हणजे ‘हा आकडा नव्हे’. मराठी लोकेल दिलं की हीच भाषा १,२५० असं छान लिहून दाखवते. तेच परत वाचायला दिलं की अडते. चूक आमची होती. रक्कम वाचण्याचं काम आम्ही बटणाच्या क्लिकमध्येच गुंतवून ठेवलं होतं. तपासायचं तर दर वेळी पान उघडा, अर्ज भरा, बटण दाबा. घाईत ते कुणी केलंच नाही. पुढे आम्ही ते वेगळ्या फंक्शनमध्ये काढलं: मजकूर घ्यायचा, आकडा द्यायचा, पानाशी नि सर्व्हरशी संबंध नाही. मग टेस्ट दोन ओळींत झाली. नवा माणूस आला तरी ती टेस्ट वाचून त्याला नियम कळतो. सांभाळता येणारा कोड म्हणतात तो माझ्या मते हाच. फ्रेमवर्क कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १८व्या आवृत्तीपासून टेस्ट रनर सोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. तेव्हा दुपारच्या कार्यशाळेत प्रत्येकाने आपल्या प्रकल्पातलं एक तरी फंक्शन पानापासून सोडवावं आणि त्याची पहिली टेस्ट देवनागरीत लिहावी, ही यजमान म्हणून माझी आपणांस विनंती.