गाव सोडून मुलांकडे राहायला जाताना

निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर अनेक ज्येष्ठ गावचं घर बंद करून मुलांकडे पुण्या-मुंबईत येतात. सोयी वाढतात, पण मन रमत नाही. झोप उडते, चिडचिड होते. ‘इथं काय कमी आहे?’ असं मुलं विचारतात, आणि आई-बाबा गप्प होतात.

१९६७ साली होम्स आणि राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी ताण देणाऱ्या ४३ घटनांची यादी केली. घर बदलणं, झोपेच्या सवयी बदलणं, जेवणाच्या सवयी बदलणं आणि लोकांमधली ऊठबस बदलणं या त्यात वेगवेगळ्या नोंदी आहेत. गाव सुटलं की हे सगळं एकदम अंगावर येतं.

म्हणून शक्य असेल तर आधी काही दिवस राहून बघावं; गावचं घर विकायची घाई नको. नव्या घरात भाजी आणणं, नातवंडांना शाळेत सोडणं असं एखादं काम हक्काचं असावं. रोज ठरल्या वेळी एकाच वाटेनं फिरायला गेलं की चेहरे ओळखीचे होतात. ज्येष्ठ नागरिक संघात जावं. गावाकडच्या माणसांना फोन करत राहावं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर मात्र डॉक्टरांना भेटा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, आणि तिथं मराठीतही बोलता येतं.