मास्तर आपल्यातून व्हावेत
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महात्मा जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकरी-कष्टकरी वर्गातून शिक्षक तयार करा, म्हणजे ते मुलांत मिसळतील, अशी त्यात मागणी होती. तो प्रश्न अजून संपलेला नाही. इतिहासाच्या तासाला 20 मार्च 1927 चा महाडचा संगर येतो. एक मास्तर तो दोन ओळींत उरकतो. दुसरा विचारतो, तळे सार्वजनिक होते, मग पाणी का मिळत नव्हते? नागरिकशास्त्र तिथे सुरू होते. म्हणून माझे सांगणे आहे, बी.ए. झालेल्या मुलामुलींनी इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र शिकवण्यासाठी बी.एड.ला जावे.

आता कामाचे बोलू. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे आहे, त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. पदवीला 50 टक्के लागतात, मागासवर्गीयांना 45. आधी सीईटी द्यायची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. पण सीईटी दिली म्हणजे अर्ज झाला, असे समजून घरी बसू नका! त्यानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची वेगळी नोंदणी, कागदपत्रांची तपासणी आणि कॉलेजांचे पसंतीक्रम असतात. धागा कुठेही तुटला की साचा थांबतो, हे गिरणीतल्या माणसाला सांगायला नको.

सगळ्यात जास्त अडते ते जात पडताळणीला. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आपण ऐरोली, दिघा, तुर्भे इथे राहतो, पण कागद गावाला. ज्यांच्या आजोबाला शाळेत बसू दिले नाही, त्यांच्याकडेच आजोबाचा शाळेचा दाखला मागायचा, ही गोष्ट मनाला लागते. तरी रागावून भागत नाही. आजोबा शिकले नसतील तर चुलत आजोबा पाहा. गावच्या शाळेचे जुने रजिस्टर, तहसीलमधली कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद काढा. वडिलांची किंवा सख्ख्या काकाची पडताळणी झाली असेल तर ती जोडा. बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या, म्हणून जुन्या-नव्या कागदांवरचा फरक पाहून घाबरू नका. मात्र हे काम निकालानंतर नव्हे, पदवीच्या पहिल्याच वर्षी सुरू करा.

पैशाचे म्हणाल तर उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलात तर ती हातची जाते.

खोटी आशा मी दाखवणार नाही. बी.एड. म्हणजे नोकरी नव्हे. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा लागते. भरतीसाठी अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितले, तिथे डी.एल.एड. हवे.

माझी विहार समितीला विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर इथे एक टेबल मांडावे. ज्यांनी पडताळणी काढली आहे त्यांनी तासभर बसावे आणि नव्या मुलांचे कागद लावून द्यावेत. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, ती शिकलेल्यांनी पुढच्याला हात द्यावा म्हणूनच. एका वर्षी दोन मुले शिक्षक झाली तरी या वर्धापनदिनाचे चीज झाले असे मी म्हणेन.

एवढे बोलून थांबतो. जय भीम! नमो बुद्धाय!